आधी वस्तू, मग पैसे

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे दारात रोख मोजून देणाऱ्या माणसाकडे बघण्याची एक खास नजर गेल्या काही वर्षांत तयार झाली आहे. कंपनीच्या लेखी तो खर्चिक गिऱ्हाईक. विक्रेत्याच्या लेखी तो संशयित, पार्सल परत पाठवेल म्हणून. अर्थशास्त्राच्या वर्गात तो ‘अनौपचारिक’. आणि घरातली पहिली पदवी घेऊन शहरात नोकरीला लागलेल्या आपल्याच भावाबहिणींच्या लेखी तो गावठी. पहिल्या तिघांचं मी समजू शकते, त्यांचा पगार किंवा नफा त्या नजरेवर चालतो. माझं भांडण चौथ्याशी आहे.

‘आई अजून सीओडीच करते यार, कितीदा कार्ड वापरायला शिकवलं’, हे वाक्य आपल्या लोकांच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांसकट येतं. आईला कार्ड वापरता येत नाही असं नाही. ती ते वापरत नाही. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने समाजशास्त्रात एमए केलं असेल तर विद्यापीठाकडे फी परत मागावी.

विद्यापीठातली भाषा जास्त सभ्य असते, एवढाच फरक. एका चर्चासत्रात मी ऐकलं की कॅश ऑन डिलिव्हरी हे ‘लो-ट्रस्ट सोसायटी’चं लक्षण आहे. हा शब्दप्रयोग फ्रान्सिस फुकुयामा यांच्या १९९५ च्या ‘ट्रस्ट’ या पुस्तकापासून सगळीकडे पसरला. ढोबळ मांडणी अशी की, नात्यागोत्याबाहेरच्या माणसावर भरवसा ठेवू शकणारे समाज मोठे उद्योग उभे करतात आणि श्रीमंत होतात, बाकीचे मागे राहतात. सभागृहात माना डोलल्या. पण आधी कोणी कोणावर भरवसा ठेवायचा, हा प्रश्न काही कोणी विचारला नाही. भरवसा हा जणू सद्गुण आहे, काहींच्या अंगी असतो आणि काहींच्या नसतो, असं धरून चर्चा पुढे गेली. प्रत्यक्षात भरवसा वारशाने मिळणाऱ्या जमिनीसारखा असतो. ज्याचे वडील आणि आजोबा त्याच बँकेचे खातेदार होते, ज्याचा मामा शाखेत ओळखीचा आहे, ज्याचं इंग्रजी कस्टमर केअरवाल्याला घाम फोडतं, त्याला दोन हजार रुपये आधी देऊन चार दिवस वाट बघणं परवडतं. ते परत मिळवण्याची यंत्रणा त्याच्या बाजूची आहे. त्याचा विश्वास म्हणजे त्याची पोच, दुसरं काही नाही.

मी दोन वर्षांपासून संशोधनासाठी कोलकात्याच्या खिदिरपूर भागात राहते. हुगळीच्या काठाने शहराच्या नैर्ऋत्येला गोदी, गोदीला चिकटून कामगारांच्या वस्त्या, पुढे गार्डन रीच आणि नवाब वाजिद अली शाह हद्दपारीत जिथे राहिला ते मटियाबुर्ज. उर्दू, बांगला, बिहारी बोली, सगळं एकाच गल्लीत. (मराठी म्हटलं की इथल्या जुन्या बंगाली माणसाला अठराव्या शतकातले लुटारू ‘बर्गी’ आठवतात. त्यामुळे भरवशाच्या बाबतीत मला सुरुवातीला कोणी उधारी दिली नाही, आणि ते ठीकच झालं.) इथलं फॅन्सी मार्केट शहरभर प्रसिद्ध आहे ते बाहेरून आलेल्या मालासाठी. घड्याळं, अत्तरं, मोबाइल, स्पीकर. तिथे वस्तू कशी घेतात ते एकदा बघावं. ती खोक्यातून बाहेर काढली जाते, उलटीपालटी केली जाते, वायर प्लगला लावली जाते, आवाज ऐकला जातो, भाव पाडला जातो, आणि मग खिशात हात जातो. या बाजारात गिऱ्हाईक दुकानदारावर संशय घेतं म्हणून कोणाला राग येत नाही.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या खाला मटियाबुर्जच्या शिलाईचं काम नगावर घेतात. त्यांचं बँकेत खातं आहे, कार्डही आहे, कापडी पिशवीत पासबुकासोबत ठेवलेलं. नातवंडांचे शाळेचे बूट, कुकर, कधी एखादा सलवारचा कापड, असं त्या पुतण्याच्या फोनवरून मागवतात आणि पैसे दारात देतात. कार्ड का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, “बाजी, मशीन में पैसा डाल दिया, तो मशीन से झगड़ा कौन करेगा?” या एका वाक्यात ग्राहक संरक्षणाची अख्खी अडचण आली. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली तर ग्राहकावर बोजा पडत नाही. चांगला नियम आहे. पण तो चोरीसाठी आहे. बुटाच्या खोक्यात दोन्ही डाव्या पायाचे बूट आले तर ती चोरी ठरत नाही, ती ‘तक्रार’ होते. आणि तक्रार म्हणजे फोटो अपलोड करा, तिकीट नंबर घ्या, ओटीपी सांगा, इंग्रजीत चॅट करा. फोन पुतण्याचा, पुतण्या दिवसभर कामावर.

रोखीत यातलं काही करावं लागत नाही, कारण पैसे अजून आपल्या मुठीत असतात. प्रश्न नोटेचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. आधी कोण देणार?

या क्रमाचा आपला अनुभव जुना आहे. बलुत्यात काम वर्षभर आधी, धान्य सुगीला, आणि तेही पाटलाच्या मर्जीने. महार वतनात तर कामाची यादीच नव्हती, बोलावणं येईल ते काम आणि मोबदला नावापुरता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा मागणी साधी होती, कामाचा मोबदला ठरलेला हवा आणि तो मिळण्याची खात्री हवी. ती वतनं कायद्याने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. मधल्या काळात आपली माणसं गिरण्यांकडे, गोद्यांकडे, रेल्वेकडे धावली. तिथे जातिभेद नव्हता म्हणून नव्हे, विणकाम खात्यात तो होताच. पण तिथे ठरल्या दिवशी हातावर नाणी पडत. ज्या गावात दुकानदार आपलं नाणं वरून टाकायला लावून त्यावर पाणी शिंपडत होता, त्या गावातून निघालेल्या माणसाला रोख पगाराचा अर्थ काय वाटला असेल, हे ‘कॅशलेस’ शब्द उच्चारणाऱ्याला समजावणं कठीण आहे.

खिदिरपूरला लागूनच गार्डन रीचमध्ये सुरिनाम घाट आहे. २६ फेब्रुवारी १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन कलकत्त्याहून निघालं आणि ५ जूनला सुरिनामला पोहोचलं. त्याच्या आधी आणि नंतर, १९१७ पर्यंत, मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजीकडे लाखो माणसं गेली, त्यांतली फार मोठी संख्या याच बंदरातून. त्यांत शूद्र-अतिशूद्र जातींची आणि गरीब मुसलमानांची माणसं मोठ्या संख्येने होती. अरकाटी म्हणजे भरती करणारा दलाल. तो तोंडी सांगेल ते काम, तोंडी सांगेल तो देश, आणि अंगठा आधी. वस्तू, म्हणजे ते मळ्यावरचं आयुष्य, नंतर दिसायची, तीन महिन्यांचा समुद्र ओलांडल्यावर. परत करण्याची सोय नव्हती.

आणि हे जुनं आहे असं वाटत असेल तर स्वतःच्या प्रवेशाचा दिवस आठवा. ‘फी आधी भरा, स्कॉलरशिप आली की वळती करू.’ मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या किती मुलींनी हे वाक्य कॉलेजच्या खिडकीवर ऐकलं, हे आपल्या एखाद्या ग्रुपवर विचारून पाहा. ज्याच्याकडे आधी भरायला नाहीत त्याच्यासाठीच ही योजना आणि त्यानेच आधी भरायचे. मूळ कागदपत्रं अडवून ठेवलेल्या पदवीधराने आईच्या सीओडीला हसावं, यासारखं विस्मरण दुसरं नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, मूल्याने चलनातल्या सुमारे ८६ टक्के. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आलं की ९९ टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या. त्या गदारोळातच ३० डिसेंबरला पंतप्रधानांनी ‘भीम’ ॲप सुरू केलं आणि ते नाव बाबासाहेबांचं असल्याचं सांगितलं. पुढच्या १४ एप्रिलला नागपुरात, दीक्षाभूमीला जाऊन आल्यावर, अंगठ्याने पैसे देण्याचं ‘भीम-आधार’ आलं. पुन्हा अंगठा. ज्या माणसाने १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहून चलनाचा कारभार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये असं मांडलं, त्याचं नाव एका रात्रीत नोटा रद्द करणाऱ्या मर्जीच्या शेपटाला बांधलं गेलं. आपल्यातल्या काहींनी तेव्हा जय भीम म्हणत ते ॲप डाउनलोड केलं, त्यात गैर काही नाही, ॲप चालतं चांगलं. पण नाव आपलं असलं म्हणून अटी आपल्या होत नाहीत.

आता अटींचा हिशेब. सणासुदीच्या सेलमध्ये अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के तत्काळ सूट असते. समजा दहा हजारांचं वॉशिंग मशीन आहे. पगाराची स्लिप आणि चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्याला ते नऊ हजारांना पडतं, वर बिनव्याजी हप्ते. रोखीने घेणाऱ्याला दहा हजार, आणि शेवटच्या पानावर उगवणारं ‘कॅश हँडलिंग’ शुल्क वेगळं. ज्याला सवलतीची गरज नाही त्याला सवलत आणि ज्याला आहे त्याला दंड. देशात क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली, आणि एकेका खिशात तीन-तीन कार्डं असतात हे लक्षात घेतलं तर ही सूट कोणत्या वर्गाची, आणि त्यामुळे बहुतांशी कोणत्या जातींची, हे सांगायला नकाशा लागत नाही. डेबिट कार्ड वापरा म्हणाल तर त्याचं वार्षिक शुल्क आणि खात्यातली किमान शिल्लक आली. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे १,७७१ कोटी रुपये दंड गोळा केला. जनधन खाती त्यातून वगळलेली होती. म्हणजे हा पैसा ज्यांना साधं बचत खातं ‘परवडतं’ असं मानलं गेलं त्यांचा. बँकेने २०२० मध्ये हा दंड बंद केला, ही गोष्ट वेगळी. त्या वर्षांत कापले गेलेले पैसे ज्यांच्या लक्षात आहेत ते खात्यात जास्त ठेवत नाहीत, काढून डब्यात ठेवतात.

गंमत अशी की हे रोखीवालेच या धंद्याचे बाप आहेत. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली आणि भारतातली ऑनलाइन खरेदी इंग्रजी पुस्तकं घेणाऱ्यांच्या बाहेर पडली. मीशोचं साम्राज्य तर छोट्या गावांतल्या रोख देणाऱ्या बायांवर उभं आहे. विश्वास तेव्हा कंपन्यांवर कोणी ठेवत नव्हतं, म्हणून त्या गिऱ्हाइकाच्या दारात आल्या, वस्तू आधी दिली, पैसे नंतर घेतले. आता पाय रोवले, तर त्याच बाईला शुल्क.

शुल्काहून वाईट गोष्ट कमी दिसते. ‘या पत्त्यावर कॅश ऑन डिलिव्हरी उपलब्ध नाही.’ परत येणाऱ्या पार्सलांचं प्रमाण पाहून पिनकोडनुसार सीओडी बंद करण्याची सोय विक्रेत्यांना सॉफ्टवेअरमध्येच मिळते, गिऱ्हाइकाला जोखमीचे गुण देणारी यंत्रंही बाजारात आहेत. कोणतंही सॉफ्टवेअर जात विचारत नाही, हे मला मान्य आहे. त्याला गरजच काय? आपल्याकडे वस्ती हेच आडनाव. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची कल्पना. पत्र नीट पोहोचावं एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं की काही बँका मुस्लिमबहुल भागांना ‘लाल’ किंवा ‘निगेटिव्ह’ विभाग ठरवून तिथे कर्ज देणं टाळतात. खिदिरपूरसारख्या वस्तीत राहणाऱ्याला ‘उपलब्ध नाही’ हा शब्द नवा वाटत नाही. माझीच एक ऑर्डर इथल्या पत्त्यावर आगाऊ पैशांशिवाय स्वीकारली गेली नाही आणि दक्षिण कोलकात्यातल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर तीच वस्तू, तेच खातं, सीओडी चालू. हा पुरावा नाही, एक ऑर्डर आहे. पण पुरावा गोळा करायचा तर तो कंपन्यांकडेच आहे आणि त्या तो दाखवत नाहीत.

‘पण रोख म्हणजे काळा पैसा’ असं कोणी म्हणेल. सप्टेंबर २०२२ मध्ये ईडीने इथून जवळच गार्डन रीचमधल्या एका घरातून १७ कोटींहून अधिक रोख जप्त केली. नोटा मोजायची यंत्रं आणावी लागली, टीव्हीवर दिवसभर पलंगाखालच्या गड्ड्या दिसत होत्या, आणि वस्तीचं नाव घेण्यात वाहिन्यांना विशेष रस होता. पण तपास यंत्रणेचं म्हणणं काय होतं? तो पैसा एका मोबाइल गेमिंग ॲपमधून आला. लोकांनी फोनवरून पैसे भरले, सुरुवातीला बक्षिसं मिळाली, विश्वास बसल्यावर रकमा वाढवल्या, मग सिस्टिम अपग्रेडसारखी कारणं देत पैसे काढणं बंद झालं आणि सगळी माहिती पुसली गेली. पैसे आधी, वस्तू कधीच नाही. यातून रोखीविरुद्धचा धडा कसा निघतो ते मला कळलेलं नाही.

यूपीआय तर चहावाल्याकडेही आहे, हा आक्षेप जास्त खरा आहे. मीही ते रोज वापरते. दारात क्यूआर कोड दाखवून पैसे घ्या, माझी काही हरकत नाही, वस्तू समोर असेल तर. पण घरातल्या बाईच्या हातात यूपीआय आहे का, हे विचारा. खातं नवऱ्याच्या नंबरला जोडलेलं, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि प्रत्येक खरेदीचा मेसेज त्याच्या खिशात वाजतो. तिने साठवलेल्या नोटांचा मेसेज कोणाला जात नाही. सॅनिटरी पॅड असोत की मुलीसाठी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, काही गोष्टी नोंद न होता घ्याव्या लागतात.

रोखीचे तोटे आहेत. रोख जळते. जून २०२५ मध्ये खिदिरपूरचा ऑरफनगंज बाजार रात्रीत जळाला, शेकडो दुकानं गेली. गल्ल्यातल्या नोटांना राखेतून परत आणणारं ॲप नाही. खोट्या ऑर्डरी देणारे, गंमत म्हणून पार्सल नाकारणारे असतात आणि त्याचा फटका घरून पिशव्या, चपला विकणाऱ्या आपल्यातल्याच छोट्या विक्रेत्याला बसतो. त्याला परतीच्या वाहतुकीचे पैसे भरावे लागतात. कोट्यवधींची गुंतवणूक असलेल्या मंचाने तो भार त्याच्यावर आणि त्याने गिऱ्हाइकावर ढकलायचा, अशी ही उतरंड आहे.

उतरंडीच्या तळाशी पार्सल आणणारा पोरगा आहे, आणि सीओडीची बाजू घेणाऱ्याने त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे. दिवसभर पंचवीस-तीस दारांचे पैसे त्याच्या कमरेच्या पिशवीत जमतात. सुट्टे त्याने द्यायचे, नकली नोट निघाली तर त्याची, संध्याकाळच्या मोजणीत तूट आली तर त्याच्या कमाईतून वळती, असं मला इथल्या एकाहून अधिक पोरांनी सांगितलं. त्यातला एक म्हणाला, कार्डवाले दार किलकिलं करून हात बाहेर काढतात, पैसे देणारे निदान तोंडाकडे बघतात. पण म्हणून तो सीओडीवर खूश आहे असं नाही, ऑनलाइन भरलेलं पार्सल अर्ध्या मिनिटात सुटतं. म्हणून मागणी दोन्ही तोंडांनी हवी. रोख चालू राहावी, शुल्काशिवाय, आणि ती वाहून नेण्याची जोखीम कंपनीने घ्यावी. पोराला सुट्ट्यांसाठी रक्कम द्यावी, तूट त्याच्या माथी मारू नये.

अमेरिकेत फिलाडेल्फियाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये रोख नाकारणाऱ्या दुकानांवर बंदी घातली. कारण स्पष्ट सांगितलं गेलं, खातं आणि कार्ड नसलेले लोक म्हणजे मुख्यतः गरीब, काळे, स्थलांतरित, आणि कॅशलेस दुकान त्यांना दाराबाहेर ठेवतं. तो कायदा दुकानाच्या गल्ल्यापुरता आहे, ऑनलाइनला लागू नाही. पण तिथे हा भेदभावाचा प्रश्न म्हणून मांडला गेला. आपल्याकडे तो सवयींचा प्रश्न म्हणून मांडला जातो, म्हणजे दोष देणाऱ्याचाच.

आपल्याकडे हाताशी एवढं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे १३ प्रकार दिले आहेत आणि किंमत सुरुवातीला पूर्ण न दाखवता शेवटी वाढवणं, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, हा त्यातला एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी कॅश ऑन डिलिव्हरीच्या जादा शुल्काबद्दल तक्रारी आल्याचं आणि चौकशी सुरू झाल्याचं जाहीर केलं. चौकशी तक्रारींच्या संख्येवर जगते आणि तक्रार करणारे बहुतेक कार्डवालेच असतात, कारण त्यांना करता येते. इथे आपल्या पदवीचा उपयोग आहे. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईच्या, मावशीच्या, शेजारणीच्या फोनवर जुन्या ऑर्डरी उघडा. ‘हँडलिंग’ नावाने काय काय कापलं गेलं ते पाहा, स्क्रीनशॉट काढा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्या नावाने तक्रार नोंदवा. मराठीत बोललं तरी चालतं. जिथे पिनकोडवरून सीओडी नाकारली गेली असेल तिथे नकाराचं पानही जोडा आणि कारण लेखी मागा.